टोल्यूइन हाताळताना: काय करावे, काय टाळावे

तळोजा, पाताळगंगा आणि रसायनीतील कारखाने, कळंबोलीची गोदामे आणि पनवेलच्या पेंटिंग गॅरेजमधील प्रत्येकासाठी. गॅरेजमधल्या एनसी थिनरमध्ये बहुधा टोल्यूइनच असते. त्यालाही हेच नियम लावा.

काय करावे

• माल उतरवण्याआधी टँकरवरील युएन १२९४ हा क्रमांक आणि चलन ताडून पाहा. नमुना तपासल्याशिवाय टाकीत सोडू नका.

• खरेदी करताना बेंझीनचे प्रमाण लेखी मागा. टोल्यूइनच्या वलयाला एक मिथिल गट जास्त आहे म्हणून यकृत त्याचा निचरा करू शकते, बेंझीन मात्र रक्ताचा कर्करोग करते.

• टँकरच्या चाकांखाली अटकावाचे ठोकळे लावा, अर्थिंग सर्वांत आधी जोडा आणि सर्वांत शेवटी काढा.

• पिंपातून पिंपात ओतताना दोन्ही पिंपे तारेने एकमेकांना आणि जमिनीला जोडा. टोल्यूइन वीज वाहून नेत नाही, त्यामुळे वाहताना साठलेला स्थिर विद्युतभार त्यातच अडकून राहतो.

• अर्थिंगचा क्लॅम्प रंग खरवडून उघड्या धातूवर लावा. रंगावर लावलेला क्लॅम्प म्हणजे क्लॅम्प नसल्यासारखेच.

• भरण्याची नळी पिंपाच्या तळापर्यंत न्या आणि तिचे तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवा.

• टाकी भरल्यावर थोडा वेळ थांबा, मगच डिप घ्या किंवा नमुना काढा. भार उतरायला वेळ लागतो.

• सुती कपडे आणि अँटीस्टॅटिक बूट घाला. टेरिलीनचा शर्ट आणि रबरी चप्पल प्लँटच्या गेटबाहेर ठेवा.

• एक्झॉस्टची तोंडे आणि गॅस डिटेक्टर जमिनीलगत बसवा. ही वाफ हवेच्या तिप्पट जड आहे, ती खड्ड्यात, केबलच्या चरात आणि गटारात जाऊन बसते.

• दिवे, स्विच, मोटार, पंखा सगळे फ्लेमप्रूफच वापरा, गॅरेजमध्येसुद्धा.

• पिंपे सावलीत, झाकण घट्ट लावून आणि नायट्रिक आम्लापासून वेगळ्या खोलीत ठेवा. याच वलयावर तीन नायट्रो गट बसले की टीएनटी तयार होते.

• वेल्डिंग, कटिंग किंवा ग्राइंडिंगआधी हॉट वर्क परमिट घ्या आणि वाफेचे प्रमाण मोजण्याच्या यंत्राने पाहा, नाकाने नाही.

• टाकीत किंवा रिअॅक्टरमध्ये उतरण्याआधी ऑक्सिजन मोजा, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कोणालाही उतरवू नका, नायट्रोजन फिरवल्यावर तर हटकून मोजा.

• आत माणूस असेपर्यंत बाहेर एक माणूस दोर धरून उभा ठेवा, आणि त्याला दुसरे कोणतेही काम सांगू नका.

• आत नेण्याचा हातदिवा २४ व्होल्टचा आणि फ्लेमप्रूफ असू द्या.

• व्हायटॉनचे हातमोजे घ्या. नायट्राइलच्या पातळ मोज्यांतून टोल्यूइन थोड्याच मिनिटांत आत येते.

• सेंद्रिय वाफेसाठीचे काडतूस असलेला मास्क लावा आणि काडतूस वेळापत्रकानुसार बदला.

• आठ तासांची सरासरी १०० पीपीएमच्या आत ठेवा. कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत हीच कमाल मर्यादा होती, ते गाठायचे लक्ष्य नव्हे.

• रोज संपर्कात येणाऱ्यांच्या लघवीची हिप्प्युरिक आम्लासाठी तपासणी करवून घ्या. आदल्या दिवशी सॉस, बाटलीतले लोणचे आणि शीतपेय टाळायला सांगा, कारण त्यातील सोडियम बेंझोएटही शरीरात त्याच आम्लात बदलते.

• कंप्रेसरजवळ काम करणाऱ्यांची श्रवणचाचणीही करा. गोंगाट आणि टोल्यूइन मिळून कानांचे जास्त नुकसान करतात.

• सांडले तर कोरडी वाळू टाका, स्पार्क न होणाऱ्या फावड्याने उचला आणि झाकणाच्या लोखंडी डब्यात भरा. तेलकट चिंध्याही त्याच डब्यात.

• पावसाळ्यात डाइकचा (टाकीभोवतीच्या बांधाचा) पाणी सोडण्याचा व्हॉल्व्ह बंद आणि कुलपात ठेवा. पाऊस थांबला की माणूस समोर उभा करा, वर तवंग नाही हे पाहून मगच उघडा.

• जुलैत डाइकमधले पाणी रोज तपासा. टोल्यूइनची घनता ०.८७ आहे, ते वर तरंगते, म्हणून डाइक भरून वाहिले तर आधी तेच बाहेर पडते.

• वापरलेले सॉल्व्हंट, गाळ आणि वाळू घातक कचरा म्हणून नोंदवा आणि तळोज्यातील सामायिक सुविधेकडेच पाठवा.

• आग विझवायला फोम किंवा ड्राय केमिकल पावडर वापरा, आणि शेजारची पिंपे पाण्याच्या फवाऱ्याने थंड ठेवा.

• चक्कर आलेल्याला मोकळ्या हवेत आणा, भिजलेले कपडे काढा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना ‘टोल्यूइन’ हे नाव स्पष्ट सांगा. सोबत एमएसडीएस (रसायनाची सुरक्षा माहितीपत्रिका) द्या.

काय टाळावे

• रिकाम्या पिंपाला रिकामे समजू नका. पनवेलच्या हवेत, म्हणजे २० ते ३५ अंश तापमानाला, बंद पिंपातील वाफ साधारण ३ ते ६ टक्के असते आणि ती १.१ ते ७.१ टक्क्यांत पेट घेते.

• पेट्रोलचा अनुभव इथे लावू नका. पेट्रोलच्या बंद टाकीतील वाफ बहुधा इतकी दाट असते की आतल्या आत पेटत नाही, टोल्यूइनची पेटते.

• पिंप गॅस कटरने किंवा ग्राइंडरने कापू नका. छिन्नी-हातोडाही नको.

• धुतल्याशिवाय, झाकण काढून आतील वाफ मोजल्याशिवाय पिंप भंगारवाल्याला देऊ नका. त्याच्याकडे मोजायचे यंत्र नसते.

• त्या पिंपात पाणी साठवू नका, कोणाला साठवायला देऊही नका.

• थंडी आहे म्हणून सैल पडू नका; याचा ज्वलनबिंदू ४ अंश आहे आणि पनवेलचे तापमान तिथवर उतरत नाही.

• प्लास्टिकच्या बादलीत किंवा कॅनमध्ये टोल्यूइन ओतू नका. प्लास्टिकला अर्थिंग करता येत नाही.

• वरून धार सोडून टाकी भरू नका.

• पिंप रिकामे करण्यासाठी कॉम्प्रेस्ड हवा वापरू नका, नायट्रोजन वापरा.

• पिंप तोंडोतोंड भरू नका. एप्रिल-मेच्या उन्हात द्रव फुगतो.

• मोबाइल, लायटर, काडेपेटी आत नेऊ नका. साहेबांचा मोबाइलही नाही.

• टँकर धाब्याच्या भट्टीशेजारी उभा करून जेवायला जाऊ नका.

• वास येईनासा झाला म्हणजे हवा शुद्ध झाली असे मानू नका. थोड्या वेळात नाकाला त्याची सवय होते.

• नाकाला रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधून काम करू नका. वाफ त्यातून आरपार जाते.

• थिनरने हात धुऊ नका. कातडीतील तेल निघून जाते आणि भेगा पडतात.

• तोंडाने नळी ओढून टोल्यूइन काढू नका. फुफ्फुसात गेलेला एक घोटही जीव घेऊ शकतो.

• कोणी प्यायले तर उलटी करवू नका, कारण तेव्हाच ते फुफ्फुसात उतरते.

• शिफ्टआधी किंवा शिफ्टनंतर दारू घेऊ नका. दारू असेपर्यंत टोल्यूइन शरीराबाहेर पडायला वेळ लागतो.

• गरोदर महिलेला या कामावर ठेवू नका.

• लहान मुलाला थिनर विकू नका, दुकानात आणायलाही पाठवू नका.

• गटारात, नाल्यात किंवा पावसाच्या पाण्यात एक मगही ओतू नका. कासाडी नदीत गेलेले पनवेलच्या खाडीत आणि कोळ्यांच्या जाळ्यात उतरते, पाताळगंगेचे पाणी तर लोक पितात.

• ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) वरचा थर वेगळा काढल्याशिवाय पाणी सोडू नका. पाण्यात मिसळून पातळ होईल ही समजूत चुकीची आहे. लिटरभर पाण्यात ते जेमतेम अर्धा ग्रॅम विरघळते.

• पेटलेल्या टोल्यूइनवर पाण्याचा झोत मारू नका. ते तरंगत पुढे जाते आणि आग पसरवते.

• टाकीत सहकारी कोसळलेला दिसला तर श्वसनसंच लावल्याशिवाय खाली उतरू नका. आधी आरडाओरड करा, दोर ओढा, १०१ किंवा ११२ लावा.

• आग लागल्यावर बाहेर पडलात की माल, बॅग, रजिस्टर, कशासाठीही परत आत जाऊ नका. गेटवर थांबा आणि हजेरी मोजून द्या.