नव्वद मिलीचा हिशोब

पहाटे साडेचारला जाग येण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पन्हाळा तालुक्यात एका गावच्या दूध संस्थेत मी एकतीस वर्षं सेक्रेटरी होतो. कागदावर 'सचिव' लिहायचे, पण त्या नावानं गावात मला कुणी हाक मारली नाही. सभासद २१०, रोजचं संकलन आठशे लिटरच्या आसपास, आणि दारावर 'विना सहकार नाही उद्धार' अशी पाटी. सहकारावरची भाषणं मी पुष्कळ ऐकली, दोन-चार चेअरमनना लिहूनही दिली. पण काट्यापाशी उभं राहून जे कळलं, ते त्या भाषणांत कधी आलं नाही. ते इथं सांगतो.

१. आधी माप, मग भाव

संस्था यायच्या आधी आमच्या गावात सायकलला किटल्या लावून गवळी यायचा. माप त्याचं, भाव त्याचा आणि म्हैस घ्यायला दिलेली उचलही त्याचीच. उचल फिटेपर्यंत दूध दुसऱ्याला घालायचं नाही, आणि ती लवकर फिटेल असा भाव तो कधी देत नसे. त्याच्या मापाचं बूड ठोकून खाली उतरवलेलं होतं. आईला ते माहीत होतं. बोलायची सोय नव्हती, कारण गोठ्यातली म्हैस त्याच्याच पैशाची.

१९६३ साली जिल्ह्याचा दूध संघ, म्हणजे आजचं 'गोकुळ', उभा राहिला आणि पुढं गावोगाव संस्था निघाल्या. आमची संस्था निघाली तेव्हा भावात लगेच फार फरक पडला नाही. फरक पडला तो फॅटच्या बाटलीनं. दहा मिली ॲसिड, पावणेअकरा मिली दूध, एक मिली अमाइल अल्कोहोल, मग बाटली मशीनमध्ये फिरवायची आणि नळीत चढलेला पिवळा थर मोजायचा. पाणी घालणाऱ्याचं आणि न घालणाऱ्याचं दूध गावात पहिल्यांदा वेगळं झालं. तोवर दोघांना एकच भाव होता, त्यामुळे न घालणारा वेडा ठरायचा.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी १९४६ मध्ये पंधरा दिवस दूध बंद ठेवलं, तेही मुंबईला जाणाऱ्या दुधावरून. त्यातूनच पुढं 'अमूल' झालं. त्याची गोष्ट सांगताना लोक भावाबद्दल बोलतात. मला त्यात विकत घेणारा एकच असणं ही खरी अडचण दिसते. घेणारा एकच असला की माप आपोआप त्याच्या हातात जातं.

२. आपली संस्थाही आपलं माप मारू शकते

हे लिहायला मला जड जातं, म्हणून सविस्तर लिहितो.

पुढं आमच्याकडं इलेक्ट्रॉनिक काटा आला. पडद्यावर आकडा दहा मिलीपर्यंत दिसायचा, पण पावती शंभर मिलीच्या हिशोबानं निघायची. म्हणजे दोन लिटर नव्वद मिली दूध घातलं तरी पावतीवर दोन लिटरच. वरचं नव्वद मिली कुणीच मोजत नव्हतं. मग कॅन भरताना दूध पावत्यांच्या बेरजेपेक्षा जास्त भरायचं. वहीत त्याला 'वाढ' म्हणत. ही वाढ संघाला जायची, तिचे पैसे यायचे, ताळेबंदात नफा दिसायचा, लेखापरीक्षणात 'अ' वर्ग मिळायचा आणि माझी पाठ थोपटली जायची.

एका संध्याकाळी गल्लीतल्या आक्का काट्यावरचा आकडा आणि हातातली पावती आलटूनपालटून बघत उभ्या राहिल्या. एका म्हशीवर घर चालवणारी बाई. म्हणाल्या, "सेक्रेटरी, मी शाळंत गेलो न्हाई खरं, पर ह्यो आकडा आन ह्यो आकडा येक न्हाई."

मी म्हणालो, "आक्का, ते काय कुणाच्या खिशात जात नाही. नफ्यात जातं, दिवाळीला फरकाच्या रूपानं तुम्हालाच परत मिळतं."

हे उत्तर मी शंभर जणांना दिलं होतं. त्या रात्री पहिल्यांदाच कागद घेऊन ते तपासलं. एका वेळी एका सभासदाचे सरासरी ४५ मिली जात असतील असं धरलं. २१० सभासद, दोन वेळा, म्हणजे दिवसाला जवळपास १९ लिटर आणि वर्षाला सात हजार लिटरच्या घरात. एवढं मला अंदाजानं माहीत होतं. मला बसवून ठेवलं ते पुढच्या आकड्यानं. दोन लिटर घालणाऱ्या आक्कांचे ४५ मिली म्हणजे शंभर रुपयांमागं सव्वादोन रुपये. वीस लिटर घालणाऱ्या बागायतदाराचेही तेवढेच ४५ मिली, पण त्याचे शंभरामागं साडेबावीस पैसे. आणि दिवाळीचा फरक वाटायचा तो वर्षभरात घातलेल्या लिटरवर. म्हणजे सगळ्यांकडून घ्यायचं सारखं आणि द्यायचं ज्याचं दूध जास्त त्याला जास्त. एका म्हशीवाल्यांचे पैसे दर दिवाळीला दहा म्हशीवाल्यांच्या घरी जात होते, पेढ्यासकट.

हे कुणी ठरवून केलं नव्हतं. म्हणूनच ते वर्षानुवर्षं टिकलं. चोर असता तर सापडला असता.

दहा मिलीपर्यंत पावती द्यायचा ठराव संचालक मंडळातून पुढं सरकायला तीन वर्षं लागली. "नफा घटला तर दिवाळीला लोक आम्हाला विचारतील," हे चेअरमनचं म्हणणं, आणि ते खरंच निघालं. पावती सुधारली त्या वर्षी फरक कमी बसला आणि सभेत मलाच शिव्या बसल्या. रोजच्या पावतीत वाढलेले पैसे कुणाला दिसले नाहीत. दिवाळीच्या पाकिटातले कमी झालेले मात्र सगळ्यांनी मोजले.

३. वर्षाची छत्तीस बिलं

आमच्या भागात सहकार म्हटलं की साखर कारखाना आठवतो. धुराडं लांबून दिसतं, त्याच्या निवडणुका पेपरात येतात. पण ऊस वर्षातून एकदा जातो. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. बिल कधी येतं ते शेतकऱ्याला विचारा. शिवाय ऊस लावायला जमीन लागते, पाणी लागतं.

दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं. महिन्याला तीन, वर्षाला छत्तीस. भूमिहीनालाही म्हैस पाळता येते, वैरण बांधावरून आणता येते. या छत्तीस बिलांवर किराणा दुकानदार उधारी देतो, बँक म्हशीचं कर्ज देते, कारण हप्ता बिलातून कापून घ्यायची हमी संस्था घेते. गवळ्याच्या उचलीतही कापणी होतीच. पण ती किती झाली आणि किती उरली ते त्यालाच ठाऊक असायचं. इथं कापणी बिलावर छापून येते. मला विचाराल तर गावाच्या अर्थकारणात आमच्या संस्थेनं केलेलं सगळ्यात मोठं काम हेच. त्याचा फोटो काढता येत नाही, म्हणून त्यावर भाषण होत नाही.

४. दूध बाईचं, सभासदत्व बाप्याचं

धार बाई काढते, शेण बाई काढते, संस्थेत किटली घेऊन येते बाई. सभासद मात्र नवरा. मी रुजू झालो तेव्हा आमच्या यादीत बायकांची नावं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी होती, आणि त्यातल्या बहुतेक विधवा. नवरा गेल्याशिवाय बाई सभासद होत नसे, असंच म्हणा. कायद्यानं संचालक मंडळात महिलांना दोन जागा दिल्या. त्या भरताना कुणाची बायको आणि कुणाची सून एवढाच विचार व्हायचा. बिल बँक खात्यात जमा व्हायला लागलं तेव्हा आम्ही घरोघर सांगितलं, खातं दूध घालणारीच्या नावानं काढा. साठ-सत्तर घरांनी ऐकलं. त्या घरांचं पुढं काय बदललं यावर मी काही सांगू नये, पण हातभट्टीच्या दुकानदारानं माझ्याशी बोलणं टाकलं एवढं खरं.

५. कोरमअभावी तहकूब सभा

वार्षिक सभेच्या नोटिशीत तळाला एक ओळ असते. गणसंख्या पूर्ण न झाल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासानं त्याच जागी घेतली जाईल आणि तिला गणसंख्येची अट राहणार नाही. माझ्या एकतीस वर्षांत पहिल्याच हाकेला गणसंख्या भरली ती तीनदा, आणि तिन्ही वेळा निवडणूक तोंडावर होती. एरवी पंचवीस माणसं, चहा, शेव-चिवडा. मी अहवाल वाचायचो, आणि पाठीमागून 'मंजूर, मंजूर' असा आवाज यायचा.

एक सभासद एक मत ही सहकाराची मोठी गोष्ट. शेअर कितीही असोत, मत एकच. पण ते मत पाच वर्षांतून एकदा पॅनेलच्या चिन्हावर मारायचं आणि मधल्या काळात वर्षाकाठी अर्धा तास सभेला यायचं नाही, तर त्या मताचं वजन किती? लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना काढला आणि १९५०-५१ ला पहिला हंगाम घेतला, तेव्हा अध्यक्ष केलं ते धनंजयराव गाडगीळांना, पुण्याच्या अर्थशास्त्राच्या माणसाला. हिशोब समजणाऱ्याला मानाच्या खुर्चीवर बसवायची ती रीत पुढं फारशी चालली नाही. आमच्याकडं हिशोब समजणारा सेक्रेटरी असतो, आणि त्याची बढती-बदनामी दोन्ही खुर्चीवाल्याच्या हातात.

६. खाजगी डेअरीवाला वैरी नव्हे

कृशकाळात, म्हणजे उन्हाळ्यात म्हशी आटल्या की, खाजगीवाला लिटरमागं दोन रुपये जास्त देतो. निम्मं गाव तिकडं जातं. मलाही राग यायचा. पण तो आला त्याच वर्षी आमच्या संघाचं बिल वेळेवर व्हायला लागलं हेही मी पाहिलंय. अडचण असते ती दूध जादा झालं की. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेलं आणि चहाच्या टपऱ्या बंद झाल्या आणि खाजगी गाडी गावात यायचीच थांबली. सरकारनं दिवसाला दहा लाख लिटर जादा दूध घेऊन भुकटी करायची योजना काढली. आमच्या संस्थेनं एकही दिवस कॅन परत पाठवला नाही. आधी निघून गेलेले सगळे दारात उभे होते. घेऊ नका म्हणणारे सभासदही होते, आणि त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही. तरी आम्ही घेतलं. म्हशीला काय माहीत मालक कुठं गेला होता ते.

७. ठेवीदाराला मत आहे का, ते आधी विचारा

आता माझी फजिती. निवृत्तीच्या पैशातले तीन लाख मी एका पतसंस्थेत ठेवले. व्याज बँकेपेक्षा दीड टक्का जास्त, काचेचं दार, वातानुकूलित कार्यालय. दोन वर्षांनी दाराला कुलूप. मग प्रशासक आला, कलम ८३ ची चौकशी, ८८ ची जबाबदारी निश्चिती, १०१ चे वसुली दाखले. ही कलमं मला नोकरीपासून पाठ होती. पैसे देताना त्यातलं एकही आठवलं नव्हतं. आजवर ऐंशी हजार परत आलेत.

बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकेलाही. पतसंस्था त्या छत्राखाली येत नाही. हे मी गावात दहा जणांना सांगितलं होतं, आणि तरीही.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. पावती नीट वाचली तेव्हा कळलं की मी 'नाममात्र सभासद' होतो. नाममात्र सभासदाला मत नसतं. आमच्या दूध संस्थेत ज्या घरचं दूध, त्याच घरचं मत. पतसंस्थेत पैसा घालणाऱ्यांना मत नव्हतं, आणि मत असलेल्यांत कर्ज घेणारे भरपूर होते. दुसऱ्याचा पैसा, आणि तो कुणाला द्यायचा हे ठरवणारे घेणारेच. ही गोष्ट सहकार खात्याच्या फलकाखाली बिनदिक्कत चालू होती, आणि एकतीस वर्षं सहकारात घालवलेला माणूस पावतीचा मागचा भाग वाचायला विसरला.

८. सेक्रेटरीनं नातलगाला पेंड उधार देऊ नये

एवढंच. कारणं विचारू नका. मेव्हणा अजून बोलत नाही.

९. काट्याची अलीकडची बाजू

आता एक म्हैस ठेवलीय, बायकोच्या नावावर सभासदत्व घेतलंय. किटली घेऊन मी जातो, कारण तिचे गुडघे दुखतात. काट्यावर नवा पोरगा आहे, बी.कॉम. झालेला, हाताला झपझप वेग. मला पाहून उठून उभा राहतो, ते मला आवडत नाही. रांगेत माझ्या पुढं आक्का असतात. त्यांची नजर आता अधू झालीय. पावती निघाली की त्या ती माझ्या हातात देतात आणि काट्याकडं बोट करतात. मी आधी पडदा वाचतो, मग पावती. परवा पडद्यावर १.८७ होतं.

"एक लिटर आठशे सत्तर, आक्का. दोन्हीकडं."

"फॅट?"

"सहा-चार."

"काल सहा-सहा हुती," त्या म्हणाल्या आणि पोराकडं वळल्या. "बाटली परत फिरीव बघू."