डोक्याला मार लागल्यानंतर
कबड्डीत डोके आपटलेला विद्यार्थी दोन आठवड्यांनंतरही डोके दुखते, वाचताना गरगरते असे सांगतो, तेव्हा त्याला कामचुकार म्हणू नये. मेंदूला बसलेला हादरा सीटी स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही. पहिले 24 ते 48 तास विश्रांती द्यावी, मोबाइल दूर ठेवावा. त्यानंतर मात्र अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवू नये. त्रास फारसा वाढणार नाही इतपत सावकाश चालणे, पुरेशी झोप, पाणी आणि वेळेवर वरण-भात, भाजी-भाकरी द्यावी. अभ्यास हळूहळू वाढवावा. डॉक्टरांच्या परवानगीविना मैदानात उतरवू नये. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी वा झटके आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. बुडालेला धडा पुन्हा शिकविता येतो. घाईने ओढवलेली दुसरी इजा भरून निघेलच असे नाही.