हलकी बंदूक, लांबचा नेम

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत कोलोरॅडोला नोकरी करतो. यंदा ‘एल्क’ नावाच्या हरणाच्या शिकारीला जायचं म्हणतो आणि त्यासाठी हलक्यात हलकी रायफल शोधतो आहे. आमच्याकडचे जुने शिकारी तर बंदूक जड तेवढी चांगली म्हणत. मग लांबच्या शिकारीला हलकी कशाला? तिचा मार कमी पडत नाही का? आणि तशी बंदूक इकडे आणली तर धानात शिरणाऱ्या रानडुकरांवर चालेल का? — एक वाचक, सौंदड (जि. गोंदिया)

उत्तर : जुने शिकारी खरं बोलत होते आणि तुमचा भाचाही चुकत नाही. घोळ एवढाच, की दोघांच्या शिकारीत फार फरक आहे.

नागझिरा-नवेगावच्या बाजूचं जंगल सागाचं, बांबूचं. पन्नास पावलांपलीकडचं जनावर दिसलं तर नशीब. तेव्हाचा शिकारी मचाणावर बसे किंवा हाका घालून जनावर समोर आणवी. बंदूक बहुधा दुसऱ्याच्या खांद्यावर असे, म्हणून तिच्या वजनाची तक्रारही फारशी ऐकू येत नसे! कोलोरॅडोतला शिकारी मात्र स्वतःचं ओझं स्वतः वाहतो. एल्क हा आपल्या सांबरापेक्षा मोठा, पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. शिकारीच्या हंगामात त्याच्या मागे तीन हजार मीटर उंचीपर्यंत चढावं लागतं. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे जवळजवळ त्याच्या दुप्पट उंची, आणि हवा विरळ. शिवाय तिथला कायदा सांगतो, की खाण्याजोगं मांस जंगलात टाकून नुसती शिंगं आणायची नाहीत. एका मागच्या तंगडीचं वजनच पंचवीस-तीस किलो भरतं. अशा खेपा करणारा माणूस बंदुकीतले दोनशे ग्रॅमही मोजतो.

आता माराची शंका. गोळीचा वेग ठरतो काडतुसातल्या दारूवर, गोळीच्या वजनावर आणि नळीच्या लांबीवर. बंदुकीच्या वजनाचा त्यात हात नाही. लाकडी दस्त्याच्या जागी कार्बन फायबरचा दस्ता आला, पोलादाच्या जागी काही भाग टायटॅनियमचे झाले, नळी बारीक झाली, तरी तेच काडतूस आणि तेवढीच लांब नळी असेल तर गोळी त्याच वेगाने सुटते. नळी आखूड केली तरच वेग थोडा घटतो.

मग हलकेपणाची किंमत कुठे मोजावी लागते? खांद्यावर. नवेगावबांधच्या तलावात डोंग्यातून काठावर उडी मारणारा माणूस पाहिला असेल. डोंगा जेवढा हलका तेवढा तो जोरात मागे सरकतो. बंदुकीचंही तसंच. ‘.३०० विंचेस्टर मॅग्नम’ हे १९६३ पासूनचं नावाजलेलं काडतूस घ्या. साधारण पावणेबारा ग्रॅमची गोळी सेकंदाला नऊशे मीटर वेगाने पुढे जाते आणि जळलेल्या दारूचा वायूही तिच्या मागोमाग सुटतो. त्याची परतफेड म्हणून चार किलोंची रायफल सेकंदाला सुमारे चार मीटर वेगाने मागे येते. तीच रायफल दोन किलो सातशे ग्रॅमची केली तर हा वेग सहा मीटरच्या घरात जातो आणि खांद्यावर बसणारी ऊर्जा जवळजवळ दीडपट होते.

हा दणका दोन-चारदा बसला की शरीर शहाणं होतं. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आक्रसतो आणि नळी हलते. माणसाला वाटतं बंदूक वाकडी मारते! त्यात हलकी वस्तू हातात स्थिर राहत नाही. नाडीचा ठोका, श्वास, चापावरचं बोट, सगळं तिला हलवतं. बारीक नळी दोन-तीन बारांत तापते आणि पुढच्या गोळ्या भरकटू लागतात. शिकारीत पहिला बारच महत्त्वाचा, म्हणून हा शेवटचा दोष सोसण्यासारखा आहे. सरावात मात्र तो फार छळतो. नळीच्या तोंडाला भोकांची टोपी बसवून दणका कमी करता येतो, पण मग आवाज बाजूंना असा फुटतो की कान झाकल्याशिवाय बार काढूच नये.

लांब पल्ल्याबद्दलही एक गैरसमज आहे. गोळी सरळ रेषेत जाते असं आपण धरून चालतो. चारशे मीटर जायला या गोळीला साधारण अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून सव्वा मीटरच्या आसपास खाली येते. हे गणित मात्र पक्कं असतं. अंतर नीट मोजलं, बंदुकीवरच्या दुर्बिणीचं चक्र तेवढं फिरवलं, की झालं. खरा वैरी वारा. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलवणारा, चारशे मीटरवर गोळीला फूटभर बाजूला नेतो. एल्कच्या छातीतली हृदय-फुप्फुसांची जागा जेमतेम दीड फुटाची. म्हणजे नेम अगदी मधोमध धरला तरी वाऱ्याचा अंदाज चुकल्यावर जनावर जखमी होऊन दरीत उतरतं. दुर्बीण कितीही मोठी घेतली तरी तिच्यात हा वारा दिसत नाही, आणि दरीच्या या काठावर असतो तो पलीकडे असेलच असंही नाही.

मोठ्या काडतुसाने जनावर जागच्या जागी उलटं पडतं, हेही सिनेमातलं. गोळीत जनावराला उडवण्याइतका जोर असता तर मागे बंदूक धरणाराही उडाला असता. तीनशे किलोंच्या एल्कला ही गोळी अगदी जवळून लागली तरी तो तिच्या धक्क्याने सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर वेगानेच सरकेल. जनावर पडतं ते गोळी फुप्फुसांतून, हृदयातून आरपार जाते म्हणून. कोलोरॅडोचा नियम एल्कसाठी किमान सहा मिलिमीटरची, फुलणारी गोळी आणि शंभर यार्डांवर साधारण १३५० ज्यूल ऊर्जा मागतो. अनुभवी शिकारी मात्र गोळी लागताना २००० ज्यूल असावेत, असा ठोकताळा मानतात. ‘.३०० मॅग्नम’ तो चारशे मीटरवरही पाळतं. २००७ मध्ये आलेलं ‘६.५ क्रीडमूर’ साधारण तीनशे मीटरपर्यंत पाळतं, पण त्याचा दणका जवळपास निम्मा असतो.

म्हणून भाच्याला सांगा, वजन मोजायचं ते सगळ्या सरंजामाचं. अडीच किलोंच्या रायफलीवर किलोभराची दुर्बीण चढवली तर पैसे वाया गेले, शिवाय वजन वर गेल्याने ती हातात डुलते ते वेगळंच. दुर्बीण, पट्टा, काडतुसं धरून साडेतीन-पावणेचार किलो, आणि ‘.३०८’ किंवा ‘६.५’सारखं सोसवेल असं काडतूस, हे नवख्याला पुरे. जोरदार मॅग्नमच हवं असेल तर बंदूक जड घ्यावी. अतिहलकी रायफल आणि मॅग्नम ही जोडी दुकानात मोहात पाडते, पण पहिल्याच हंगामात विकायला निघते. पल्ला किती धरायचा, तर टेकडीवर बसून, धापा टाकत, फूटभर ताटलीवर प्रत्येक गोळी ज्या अंतरावरून लागते तेवढाच. बहुतेकांचा तो तीनशे मीटरच्या आतच भरतो. कोलोरॅडोत १९४९ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. भाचा व्हिसावर असेल तर बंदुकीला हात लावण्याआधी त्याने कायदाही विचारून घ्यावा. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडता तिकडेही बंदूक बाळगता येत नाही.

राहिला तुमच्या धानाचा प्रश्न. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. छंदाची शिकार आता त्या कायद्याने बंद आहे, आणि तुमच्या आजूबाजूचं रान तर २०१३ पासून व्याघ्र प्रकल्पात आहे. पिकाची नासधूस करणारी रानडुकरं आणि रोही यांच्यापुरती वनखात्याची परवानगी मिळू शकते, पण तीही परवानाधारक बंदुकीला. भाच्याला सुट्टीवर येताना बॅगेत घालून रायफल आणता येणार नाही.

समजा, आणलीच. तिकडे नेम धरताना गोळीच्या मागे डोंगराची भिंत असावी, हा पहिला नियम. सौंदडला बांध्या सपाट. डुक्कर रात्री उभ्या धानातून तीस पावलांवर दिसणार, आणि चुकलेली रायफलची गोळी चार किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते. तेवढ्यात शेजारच्या बांधीतला जागल्या आला, रेल्वेलाइन आली, हमरस्ता आला. म्हणून परवानगी नसेल तोवर कुंपण, जागल आणि नुकसानभरपाईचा अर्ज, एवढंच हाती आहे. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात लगेच द्या आणि पंचनामा होईपर्यंत डुकरांनी लोळवलेल्या धानाला विळा लावू नका.