मानवाकृतिचित्रातील नाट्यमय छायाप्रकाश

प्रास्ताविक

मागील घटकात आपण रेषा आणि रंग यांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात, ज्या चित्रांत मनुष्याकृती केंद्रस्थानी असते, तेथे प्रकाश आणि छाया यांचा नाट्यमय उपयोग कसा केला जातो, ते पाहावयाचे आहे. आपण साहित्याचे विद्यार्थी आहात. हाती कुंचला धरण्याची अपेक्षा येथे नाही. मात्र एखाद्या चित्रासमोर उभे राहिल्यावर प्रकाश कोठून येतो, तो कशावर पडतो आणि चित्रकाराने काय अंधारात ठेवले आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे आपल्याला स्वतःच्या शब्दांत लिहिता यावीत, एवढे उद्दिष्ट आहे. तिसरा प्रश्न बहुतेक उत्तरपत्रिकांत सुटतो. 'चित्र अगदी जिवंत वाटते' या वाक्यापाशी विवेचन थांबते, आणि नेमके तेथूनच ते सुरू व्हायला हवे असते.

शिल्पातील सावली आणि चित्रातील सावली

आपल्यापैकी जे कर्जत-खालापूर परिसरात राहतात, त्यांना पहिला पाठ घराजवळच मिळेल. कर्जतहून कोंदिवड्याकडे गेले की राजमाचीच्या पायथ्याच्या रानात कोंडाणे लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर नृत्य करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या आकृती कोरलेल्या आहेत. पावसाळी, ढगाळ दिवशी त्या दगडात बुजल्यासारख्या वाटतात. ऊन तिरपे पडले की त्याच आकृतींच्या कमरेचा बाक आणि उचललेला हात स्पष्ट होतो. शिल्पकाराने सावली कोरलेली नाही. त्याने खोली कोरली. सावली पाडण्याचे काम उन्हावर सोपवले.

चित्रकाराला ही सोय नाही. त्याचा कागद वा कापड सपाट असते. सूर्य कोठेही असला तरी चित्रातील नाकाची सावली हलणार नाही; ती त्याला स्वतः रंगवावी लागते, आणि ती रंगवण्यापूर्वी प्रकाश कोठे आहे हे ठरवावे लागते. चित्रकाराचा हा निर्णय नाटककाराच्या निर्णयासारखा असतो. रंगमंचावर कोणाला पुढे आणायचे आणि कोणाला विंगेत उभे ठेवायचे, हे त्यातून ठरते.

आपल्याकडील जुन्या चित्रपरंपरेला उठाव ठाऊक नव्हता असे समजू नये. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात 'वर्तना' म्हणजे छटा देण्याच्या पद्धती सांगितल्या आहेत: पत्रजा, ऐरिक आणि बिंदुजा. अजिंठ्याच्या चेहऱ्यांना गोलाई आहे. परंतु ती गोलाई एकाच दिव्याने वा एकाच खिडकीने दिलेली नाही. लघुचित्रांतही रात्रीच्या प्रसंगी मशाली असतात, तरी माणसांच्या पडछाया सहसा नसतात. तेथे प्रकाश वस्तूचा गुण असतो, प्रसंगाचा भाग नसतो. यात उणेपणा नाही. ती पाहण्याची निराळी रीत आहे.

प्रकाशस्रोत एकच मानायचा आणि त्याचे परिणाम शेवटपर्यंत पाळायचे, ही शिस्त युरोपीय वास्तववादी चित्रकलेतून आपल्याकडे आली. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेत ती शिकवली गेली. इटलीत काराव्हाज्जोने (१५७१–१६१०) ती टोकाला नेली होती. 'संत मॅथ्यूला पाचारण' या त्याच्या चित्रात भिंतीत खिडकी दिसते, पण उजेड तिच्यातून येत नाही. तो उजवीकडून, चौकटीबाहेरून, ख्रिस्ताच्या उचललेल्या हाताच्या दिशेने येतो आणि पैसे मोजत बसलेल्या माणसांवर पडतो. उजेडाचे मूळ दिसत नाही, म्हणूनच त्याचे येणे ही घटना ठरते.

येथे दोन संज्ञा लक्षात ठेवा. वस्तूच्या स्वतःच्याच अंगावर, उजेडाच्या विरुद्ध बाजूस जी काळोखी येते ती अंगछाया. ती वस्तू दुसऱ्या पृष्ठावर जी सावली टाकते ती पडछाया. अंगछायेने आकार कळतो. पडछायेने जागा कळते.

हळदणकरांचे दिवा धरलेल्या स्त्रीचे चित्र

आता या घटकातील मुख्य उदाहरणाकडे वळू. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे जे. जे.चे विद्यार्थी. दादरला त्यांनी स्वतःची कलासंस्था चालवली. १९४५-४६च्या सुमारास त्यांनी रंगवलेले 'ग्लो ऑफ होप' हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहात आहे. त्यांची कन्या गीता, म्हणजे पुढे कोल्हापूरला राहिलेल्या गीता उपळेकर, या चित्रासाठी उभ्या राहिल्या होत्या. चित्रात दुसरे कोणी नाही. साडी नेसलेली एक स्त्री, एका हातात दिवा, आणि ज्योतीपुढे धरलेला दुसरा हात. चित्राचे शीर्षक थोडे भाबडे आहे, असे मला वाटते. चित्र त्याहून फार संयत आहे.

प्रथम त्या आडोशाच्या हाताकडे पाहा. तो ज्योत आणि आपण यांच्यामध्ये आला आहे. ज्योत आपल्याला उघडी दिसत नाही. दिसतात ती तिच्या उजेडाने लालसर झालेली बोटे आणि उजळलेला चेहरा. यामागे भावनेइतकेच व्यावहारिक शहाणपण आहे. चित्रातील सर्वांत उजळ जागा कागदाच्या पांढऱ्यापेक्षा उजळ होऊ शकत नाही. खरी ज्योत त्याहून कितीतरी प्रखर. तेव्हा ज्योत रंगवून डोळे दिपवता येत नाहीत; ती झाकून तिचा परिणाम दाखवला, तर पाहणारा उरलेला उजेड मनाने पुरवतो. सतराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर याने 'सुतार संत जोसेफ' या चित्रात मेणबत्तीपुढे बालकाचा हात धरून हेच साधले आहे. तेथेही बोटांतून उजेड पाझरतो.

दुसरी गोष्ट अंतराची. लहान ज्योतीपासूनचे अंतर दुप्पट झाले की मिळणारा प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून दिव्याच्या उजेडात बोटे, मुख, खांदा आणि मागची भिंत यांच्या उजळपणात मोठा फरक पडतो. सूर्यप्रकाशात असा फरक नसतो, कारण सूर्याच्या मानाने बोट आणि भिंत सारख्याच अंतरावर असतात. दिव्याच्या चित्रात जी जवळीक जाणवते, तिचे मूळ बव्हंशी या उतरंडीत आहे.

तिसरी गोष्ट माध्यमाची, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे चित्र जलरंगातील आहे. तैलरंगात चित्रकार गडद पायावर काम सुरू करून शेवटी उजळ रंगाचा जाड ठिपका ठेवू शकतो. चुकल्यास खरवडू शकतो. गोव्यात सांगे येथे जन्मलेले आणि जे. जे.मध्ये शिकून तेथेच शिकवलेले आन्तोनियु शाव्हियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांना 'पूर्वेचा रेम्ब्राँ' म्हणत, ते तैलरंगातील अशाच प्रभुत्वामुळे. पारदर्शक जलरंगात उजेड लावता येत नाही. तो कागदाचाच असतो. जेथे उजेड हवा, तेथे कागद राखायचा आणि भोवती काळोख एकेका पातळ हाताने गडद करत न्यायचा. आधीचा हात वाळेपर्यंत थांबायचे. गडद रंगाचा एक ओघळ चेहऱ्यावर गेला, तर गेलेला उजेड पूर्ववत मिळवणे फार कठीण. म्हणजे चित्रातील स्त्री जशी ज्योत जपते आहे, तसाच चित्रकार अखेरच्या हातापर्यंत कोरा कागद जपत होता. आपण उजेड पाहतो, पण हळदणकरांनी प्रत्यक्षात रंगवला तो अंधार.

या चित्राच्या वाट्याला एक अन्यायही आला. अनेक प्रेक्षक ते राजा रविवर्म्याचे समजून पाहत आले. रविवर्मा १९०६ साली निवर्तले. चित्र त्यानंतर सुमारे चार दशकांनी झाले. पण रविवर्म्यांची छापील चित्रे घरोघरी होती. त्यांचा छापखाना बोरघाट चढून गेल्यावर लोणावळ्यापुढे मळवलीला होता. सुंदर साडी नेसलेली स्त्री दिसली की एकच नाव ओठांवर यावे, इतका तो प्रभाव होता. कोंडाण्याच्या चैत्यगृहाच्या डावीकडे एका मोठ्या शिल्पाचे भग्न मस्तक आहे. चेहरा गेला आहे, पण जवळच्या ब्राह्मी लेखातून ते कण्हाचा शिष्य बलक याने केल्याचे आजही कळते. हळदणकरांच्या चित्रातील चेहरा शाबूत आहे आणि कर्त्याचे नाव मात्र पुन्हा पुन्हा सांगावे लागते. चित्राविषयी लिहिताना कर्त्याचे नाव, माध्यम आणि काळ आधी नोंदवा, असा आग्रह आम्ही धरतो तो यासाठी.

चित्राकडून चित्रपटाकडे

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मुळात चित्रकार. त्यांच्या 'सिंहगड' (१९२३) या मूकपटात कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण झाले. सूर्यावर अवलंबून असलेल्या त्या काळातील चित्रपटात, उजेड कोठे ठेवायचा हे ठरवण्याचा चित्रकाराचा अधिकार अशा प्रकारे आला. या विषयाचा विस्तार पुढील घटकात आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

अंगछाया आणि पडछाया यांतील भेद आपल्या घरातील एका वस्तूच्या आधारे स्पष्ट करा. जलरंगात उजेड 'राखावा' लागतो, म्हणजे काय?

कृती

रात्री घरातील विजेचे दिवे मालवून निरांजन लावा. घरातील एका व्यक्तीस ते हातात धरून भिंतीजवळ उभे राहण्यास सांगा. प्रथम निरांजन हनुवटीखाली धरू द्या. भुवयांच्या वर गेलेल्या सावल्यांनी चेहरा कसा भयप्रद होतो, ते टिपा. मग ते छातीसमोर, थोडे पुढे धरू द्या आणि दुसऱ्या हाताचा आडोसा करावयास सांगा. पदर आणि केस ज्योतीपासून दूर ठेवा. जे दिसेल ते सुमारे दीडशे शब्दांत लिहा. 'सुंदर', 'जिवंत' आणि 'विलोभनीय' हे शब्द वापरू नका.

खालापूर तालुक्यातील विद्यार्थ्यांनी महडच्या वरदविनायकाच्या देवळातील नंदादीपही पाहावा; तो १८९२पासून अखंड तेवत असल्याचे सांगितले जाते. तेथे निरीक्षण करताना दर्शनाच्या रांगेला अडथळा होणार नाही, याची काळजी घ्या. दिव्याजवळून पुढे सरकणाऱ्या माणसांचे चेहरे किती पावलांनंतर अंधारात जातात, ते मोजा आणि ती संख्या उत्तरात लिहा.