नकाराच्या अनेक छटा : इंग्रजी शब्दांचे उपसर्ग

इंग्रजी शिकताना आपण फार लवकर एक समजूत करून घेतो. शब्दाच्या आरंभी ‘अन्’, ‘इन्’, ‘डिस्’, ‘नॉन्’ किंवा ‘मिस्’ दिसला की मूळ शब्दाला ‘नाही’ जोडावयाचे आणि पुढे जावयाचे. ‘हॅपी’ म्हणजे आनंदी, म्हणून ‘अनहॅपी’ म्हणजे दुःखी. येथपर्यंत ही युक्ती चालते. परंतु प्रत्येक उपसर्गाचा नकार वेगळा असतो, आणि काही ठिकाणी तर तो नकारच नसतो. हा भेद न जाणल्यास अर्थाचा अनर्थ होतो.

प्रथम आपल्या घरचे उदाहरण घेऊ. संस्कृतात नकार दर्शविण्यासाठी व्यंजनापूर्वी ‘अ’ आणि स्वरापूर्वी ‘अन्’ येतो : अज्ञान, अन्याय, परंतु अनादर, अनुचित. ग्रीक भाषेतील ‘अ’ व ‘अन्’, लॅटिनमधील ‘इन्’ आणि इंग्रजीचा स्वतःचा ‘अन्’ ही सारी याच कुळातील भावंडे होत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या अशा नात्याकडे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यातील व्याख्यानात विद्वानांचे लक्ष वेधले होते. लॅटिन ‘इन्’ पुढील अक्षराप्रमाणे रूप बदलतो. म्हणून ‘पॉसिबल’चे ‘इम्पॉसिबल’, ‘लीगल’चे ‘इल्लीगल’ आणि ‘रेग्युलर’चे ‘इर्रेग्युलर’ होते. संधीचे नियम शिकलेल्या विद्यार्थ्यास यात नवल वाटू नये.

आपल्या वैयाकरणांनी या नकाराचे सहा अर्थ सांगितले आहेत : सादृश्य, अभाव, भिन्नता, अल्पता, अप्रशस्तता आणि विरोध. ‘अनुदरा’ म्हणजे पोट नसलेली स्त्री नव्हे, तर कृश कटीची. ‘अधर्म’ म्हणजे केवळ धर्माचा अभाव नव्हे, तर धर्माच्या विरुद्ध आचरण. हीच दृष्टी इंग्रजीकडे वळवू.

‘नॉन्’ हा तटस्थ आहे. तो केवळ वेगळेपण सांगतो. ‘इन्’ पुष्कळदा दोष सांगतो. दगड ‘नॉनह्यूमन’ म्हणजे मानवेतर आहे. परंतु त्यास ‘इनह्यूमन’ म्हणता येणार नाही. तो शब्द निर्दय, अमानुष वर्तनासाठी आहे. ‘डिस्’मध्ये पुष्कळदा विरोध किंवा वियोग असतो. १९२० सालच्या असहकाराच्या चळवळीस इंग्रजीत ‘नॉन-कोऑपरेशन’ म्हटले गेले, कारण तेथे सरकारशी सहकार्य थांबवावयाचे होते. १९३० सालच्या चळवळीच्या नावात मात्र ‘डिसओबीडियन्स’ आहे, कारण तेथे मिठाचा कायदा उघडपणे मोडावयाचा होता. मराठीनेही ‘असहकार’ आणि ‘कायदेभंग’ असे दोन वेगळे शब्द योजून हा भेद राखला.

‘मिस्’ अभाव सांगत नाही, चूक सांगतो. न वापरलेली वही ‘अनयूज्ड’, वापर बंद पडलेली विहीर ‘डिसयूज’मध्ये गेलेली, आणि अधिकाराचा दुरुपयोग हा ‘मिसयूज’. आपल्या ‘गैरसमज’ शब्दातील ‘गैर’ हेच काम करतो : समज आहे, पण ती चुकीची. क्रियापदाला लागलेला ‘अन्’ आणखी निराळा. ‘अनटाय’ म्हणजे न बांधणे नव्हे, तर बांधलेली गाठ सोडणे.

आता एक जोडी नीट लक्षात ठेवावी. ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्यास रस नाही असा; ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा. अलीकडे काही लेखक दुसरा शब्द पहिल्याच्या अर्थी वापरतात. तथापि कायद्याच्या भाषेत हा भेद महत्त्वाचा आहे. मृत्युपत्रावर ‘डिसइंटरेस्टेड’ साक्षीदार हवा, याचा अर्थ कंटाळलेला मनुष्य हवा असा नव्हे. मालमत्तेत ज्याचा हितसंबंध नाही असा हवा. अशा शब्दांसाठी नेमके देशी प्रतिशब्द असावेत म्हणून बडोदे संस्थानात महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या काळी, १९३१ साली, ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा बहुभाषिक कोश प्रसिद्ध झाला.

काही शब्द तर वरवर नकारार्थी दिसून भलताच अर्थ देतात. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे; ज्याचे मोल करता येत नाही असे. आपला ‘अमूल्य’ अगदी असाच आहे. शेजारच्या आणंदच्या ‘अमूल’ या नावाचा संबंधही याच शब्दाशी सांगतात.

सर्वांत सावध राहावयाचे ते ‘इन्फ्लेमेबल’ या शब्दापाशी. वडोदऱ्यानजीक कोयली येथे १९६५ साली तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. तेलाच्या टँकरांवर हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेला आपण वासण्याच्या मुलांनी पाहिलेला असेल. त्याचा अर्थ ‘न पेटणारे’ असा नाही. तेथील ‘इन्’ नकाराचा नसून ‘आत’ या अर्थाचा आहे. अर्थ आहे ज्वालाग्राही, चटकन पेट घेणारे. ‘फ्लेमेबल’चाही अर्थ तोच, न पेटणाऱ्यास ‘नॉनफ्लेमेबल’ म्हणतात. या एका शब्दाचा चुकीचा अर्थ केवळ गुण घालवील असे नाही, जीवही घेईल. आपल्याकडेही असा चकवा आहेच : ‘अनुचित’मध्ये ‘अन्’ आहे, पण ‘अनुकूल’मध्ये ‘अनु’ आहे.

आपण घरी मराठी, बाजारात गुजराती आणि पुस्तकात इंग्रजी वाचतो. फारसी ‘ना’ आणि इंग्रजी ‘पास’ यांचा ‘नापास’ हा शब्द दोन्ही देशी भाषांनी आपलासा केला. इंग्रजीत मात्र ‘अनपास’ असा शब्द नाही. म्हणून उपसर्ग तर्काने जोडू नये. कोश पाहावा, वाक्य पाहावे, मग अर्थ ठरवावा.

स्वाध्याय

१. ‘इनव्हिजिबल’, ‘इनहॅबिटेड’, ‘इनसाइट’, ‘इनकरेक्ट’ यांपैकी कोणत्या शब्दांत ‘इन्’ नकारार्थी आहे?

२. अनुज, अनुदार, अनुपम, अनुवाद यांत ‘अन्’ कोठे व ‘अनु’ कोठे, ते सांगा.

३. ‘हे अशक्य नाही’ आणि ‘हे शक्य आहे’ या वाक्यांतील अर्थभेद आपल्या शब्दांत लिहा.