घराजवळच्या खाडीतील काळुंदर : गळाने पकडण्याची रीत व घ्यावयाची काळजी

कोकणातील खाडीकाठच्या शेतकरी कुटुंबास घरच्या कालवणापुरती मासळी मिळविण्यासाठी होडी अथवा मोठे जाळे लागतेच असे नाही. खारभूमीच्या बांधावर, उघाडीच्या तोंडाशी किंवा जुन्या धक्क्यावर बसून साध्या गळाने जे मासे मिळतात, त्यांत काळुंदर हा चवीने श्रेष्ठ मानला जातो. मात्र हा मासा पकडण्यास जितका चतुर, तितकाच त्याची पैदास जपण्याच्या दृष्टीने नाजूक आहे. म्हणून तो कसा पकडावा याबरोबरच कोणता पकडू नये, हेही खाडीकाठच्या प्रत्येक घरास माहीत असणे अगत्याचे आहे.

माशाची ओळख

काळुंदराचे शास्त्रीय नाव एट्रोप्लस सुरतेन्सिस असे आहे. केरळात यालाच करिमीन म्हणतात व २०१० साली त्या राज्याने त्यास राज्यमासा म्हणून घोषित केले. शरीर लंबगोल व दोन्ही बाजूंनी चपटे, रंग हिरवट-करडा, अंगावर उभे काळसर पट्टे आणि खवल्यांवर मोत्यासारखे पांढरे ठिपके, ही त्याची लक्षणे होत. पाठीवरील व पोटाखालील परांत अनेक टणक काटे असतात. तो निमखाऱ्या पाण्यात राहतो. गोड्या पाण्यातही तगतो व वाढतो. शेवाळ, पाणवनस्पती व कुजका पाला हे त्याचे मुख्य अन्न असून किड्यांच्या अळ्या व बारीक कोळंबीही तो खातो.

खाडीत याच्या जोडीला तिलापिया हा मासाही आढळतो. तो मूळचा आफ्रिकेतील असून १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तिलापियाच्या अंगावर मोत्यासारखे ठिपके नसतात. तो झपाट्याने वाढून काळुंदराच्या जागेवर व अन्नावर आक्रमण करतो. म्हणून गळास लागलेला तिलापिया लहान असला तरी पाण्यात परत सोडू नये.

साधने

काळुंदराचे तोंड फार लहान असते. मोठा गळ वापरल्यास तो आमिष कुरतडून नेतो आणि गळ रिकामा वर येतो. नवशिक्यास अपयश येते ते बहुधा याच कारणाने. यास्तव १० ते १४ क्रमांकाचा बारीक गळ घ्यावा. (क्रमांक जितका मोठा, तितका गळ लहान, हे ध्यानात ठेवावे.) दोरीसाठी बारीक तंगूस, काठीसाठी चिव्याची सरळ व लवचिक काठी, तरंगण्यासाठी बुचाचा लहान तुकडा आणि शिशाचा एखादा बारीक मणी एवढे साहित्य पुरे होते. आमिष म्हणून गांडुळाचा तुकडा, सोललेल्या कोळंबीचा कण किंवा घट्ट मळलेल्या कणकेची गोळी चालते. आमिष हरभऱ्याच्या दाण्याहून मोठे नसावे.

जागा व वेळ

दगडी बांध, पाण्यातील खुंट, कांदळवनाची मुळे व उघाडीच्या भिंती यांवर शेवाळ धरते. तेथेच काळुंदर चरावयास येतो. भरतीचे पाणी चढू लागले म्हणजे मासे काठाकडे सरकतात. तेव्हा अर्ध्या भरतीपासून पूर्ण भरतीपर्यंतचा काळ सोयीचा असतो. तिथीच्या अंकास पाऊणाने गुणले असता पूर्ण भरतीची वेळ अदमासे कळते, हा किनाऱ्यावरील जुना हिशेब आहे. उदाहरणार्थ, अष्टमीस सुमारे सहा वाजता भरती पूर्ण होते. खाडीत आत जावे तसतशी ही वेळ पुढे सरकते. उधाणापेक्षा भांगाच्या दिवसांत पाण्यास ओढ कमी असते व गढूळपणाही कमी असतो; बारीक गळासाठी असे पाणी उत्तम.

पकडण्याची रीत

प्रथम मूठभर कोंडा व शिळा भात एकत्र कालवून थोडा थोडा पाण्यात टाकावा. मासे जमल्यावर गळ तळापासून वीतभर वर राहील अशा बेताने बूच बांधावे. काळुंदर आमिष एकदम गिळत नाही. आधी टोचून पाहतो व बूच थरथरते. त्या वेळी हिसका देऊ नये. बूच तिरके होऊन सरकू लागले म्हणजे मनगटाने हलकाच झटका द्यावा. मासा हातात धरताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून काटे मिटवावेत, अन्यथा बोटांस जखम होते.

याच जागी केंड हा मासाही गळास लागतो. तो पोट फुगवितो व त्याचे दात चोचीसारखे असतात. त्याच्या अंगातील विष शिजविल्यानेही नाहीसे होत नाही. केंड कोणत्याही परिस्थितीत खाऊ नये व मुलांसही तो ओळखावयास शिकवावे.

जोडपे राखावे

रोहूसारखा मासा लाखांनी अंडी घालतो व ती सोडून निघून जातो. काळुंदराची गोष्ट वेगळी आहे. त्याची मादी एका वेळी काही शेकडे ते हजार-दोन हजार अंडी दगडास किंवा खुंटास चिकटवून ठेवते. नर व मादी दोघेही त्यांची राखण करतात, परांनी पाणी हलवून अंड्यांस वारा घालतात आणि जवळ येणाऱ्या माशांस पिटाळतात. सुमारे तीन-चार दिवसांत पिले बाहेर पडली की त्यांस तळाच्या खळग्यांत ठेवतात व पुढे कित्येक दिवस सोबत फिरवितात.

यातील एक जरी गळास लागला, तरी राखण दुबळी होते व इतर मासे अंडी-पिले फस्त करतात. एका वेळच्या जेवणासाठी शेकडो पिलांचा नाश होतो. म्हणून नितळ पाण्यात दोन मासे एकाच खुंटाभोवती घुटमळताना, इतरांचा पाठलाग करताना किंवा पिलांच्या थव्यासह दिसल्यास तेथे गळ टाकू नये. १५ सेंटीमीटरहून लहान काळुंदर ओल्या हाताने गळ काढून परत सोडावा. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणे हा तर १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग अधिनियमापासूनच गुन्हा ठरलेला आहे. शिवाय त्यात अंडी, पिले व त्यांचे खाद्य सर्वच नष्ट होते. कांदळाची झाडे तोडल्यानेही माशांचा आसरा जातो आणि बांधाचे रक्षणही संपते.

मासा घरी आणल्यावर

पकडलेला मासा उन्हात ठेवू नये. ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवावा. शेवाळ खाणाऱ्या या माशाचे आतडे लांब असते व ते लवकर कुजते. म्हणून शक्य तितक्या लवकर खवले व आतडी काढून मासा स्वच्छ पाण्याने धुवावा. हळद-मीठ लावून रव्यात तळलेला किंवा आमसुलाच्या सारात शिजविलेला काळुंदर रुचकर व पौष्टिक असतो.

घरास चार मासे पुरत असतील तर पाचवा पकडू नये. बियाण्याचे धान्य जसे शेतकरी कितीही अडचण आली तरी राखून ठेवतो, तसेच खाडीतील राखणदार जोडपे राखले, तर बांधावरचा हा गळ पुढील पिढीसही रिकामा येणार नाही.