इंजिन मध्यभागी, पाय ताब्यात!

होस्टेलवर स्वस्तातल्या स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की मी 'डीसी अवंती'चं नाव घेतो. दिलीप छाब्रियांनी ती २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दाखवली. सीटच्या मागे, पण मागच्या चाकांच्या पुढे रेनॉचं २ लिटरचं टर्बो इंजिन!

याचा फायदा काय? फिरत्या खुर्चीवर बसून दोन जाड पुस्तकं छातीशी धरा, मग हात लांब करून धरा. छातीशी धरली की खुर्ची सहज फिरते. हाच मोमेंट ऑफ इनर्शिया. वजन मध्यभागी असलं की गाडी चटकन वळते. पण घसरली तर गरकन फिरतेही.

टर्बो तर आपल्या तारापूर एमआयडीसीत येणाऱ्या ट्रकांनाही असतो. तो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो, म्हणून ताकद क्षणभर उशिरा येते. पावसात पालघर-बोईसर रस्त्यावर ती नेमकी वळणात आली तर मागची चाकं सुटतात. घाबरून एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर भार पुढे जातो, मागची पकड आणखी कमी होते.

म्हणून सूत्र एकच: ब्रेक वळणाआधी, वळणात पाय स्थिर, जोर गाडी सरळ झाल्यावर. मित्राची बाइक मागून नेणाऱ्यांनीही हे पाठ करावं, बरं का!